गाडी दिली, पोचलं किती?

कॅलिफोर्नियातल्या एका करदात्यानं आपला १९८३ सालचा जीएमसी कंपनीचा ट्रक धर्मादाय संस्थेला देऊन टाकला. जुन्या गाड्यांच्या भावांची पुस्तिका पाहून त्यानं त्याची किंमत २,४०० डॉलर लावली आणि तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करून घेतली. लिलावात त्या ट्रकचे आले ३७५ डॉलर. त्यातून गाड्या गोळा करणाऱ्या कंपनीचा खर्च कापला गेला, जाहिरातीचा कापला गेला आणि संस्थेच्या हाती पडले साडेएकतीस डॉलर. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसनं २००३ च्या नोव्हेंबरात वाहनदानावर अहवाल दिला, तेव्हा समोर आलेलं हे उदाहरण. त्या तपासणीत ५४ गाड्यांचा माग करविवरणापासून संस्थेच्या हिशेबापर्यंत काढला गेला होता. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, देणगीदारानं दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी पैसे संस्थेला मिळाले होते.

त्या अहवालाला वीस वर्षं उलटून गेली. मधल्या काळात कायदा बदलला, करांचे नियम दोनदा मोठ्या प्रमाणात हलले, तरी जुनी मोटार किंवा पिकअप ट्रक संस्थेला देण्याची अमेरिकेतली रीत टिकून आहे. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जाताना, कायमचं भारतात परतताना किंवा मुलं शिकायला बाहेर पडल्यावर दारात नुसती उभी राहिलेली गाडी पाहून तिकडच्या मराठी घरांतही हा विषय निघतोच. यात फसवणूक आहे का, एवढाच प्रश्न बहुतेक जण विचारतात. बहुतेक वेळा सरळसरळ फसवणूक नसते. २००४ च्या कायद्यानं देणगीदारांचे फुगवलेले आकडे जमिनीवर आणले, पण लिलावात आलेली रक्कम आणि संस्थेला पोचलेली रक्कम यांच्यातलं अंतर त्यानं मिटवलं नाही. ते अंतर किती, हे विचारायचं काम देणाऱ्यावरच येऊन पडतं.

ही रीत रुजली कशी

अमेरिकेत मोठी शहरं सोडली तर गाडीवाचून पान हलत नाही. एका घरात दोन-तीन गाड्या असणं नेहमीचं, आणि त्यांत पिकअपचं स्थान वेगळं. फोर्डची एफ-मालिका चाळीसहून अधिक वर्षं तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. शेतकरी, प्लंबर, सुतार, बागकाम करणारे यांचं पोट तिच्या हौद्यावर चालतं. असा ट्रक दोन लाख मैल धावतो, मग गिअरबॉक्स कुरकुरू लागतो, बर्फावर टाकलेल्या मिठानं चासी गंजते, आणि एका दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या बरोबरीला येतो. नव्या गाडीच्या बदल्यात विक्रेता तिचे फारसे पैसे देत नाही. स्वतः विकायची तर अनोळखी माणसांचे फोन, घासाघीस आणि बनावट चेकची धास्ती. याच टप्प्यावर एक फोन केला की गाडी फुकट उचलून नेली जाते आणि वर कराची पावती मिळते, ही सोय मोह पाडते.

या सोयीची जाहिरात अमेरिकी रेडिओनं घरोघर नेली. नॅशनल पब्लिक रेडिओशी जोडलेल्या स्थानिक केंद्रांनी श्रोत्यांकडून जुन्या गाड्या मागायला सुरुवात केली आणि पुढे तो त्यांच्या उत्पन्नाचा नेहमीचा झरा बनला. टॉम आणि रे मॅग्लिओझी या बोस्टनच्या भावांचा 'कार टॉक' हा गाड्यांच्या दुखण्यांवर हसतखेळत सल्ला देणारा कार्यक्रम तिकडे कमालीचा लोकप्रिय होता. त्यांनी २०१२ मध्ये नवे भाग करणं थांबवलं, टॉम २०१४ मध्ये गेले, पण त्या नावानं चालणारी वाहनदान योजना स्थानिक केंद्रांसाठी सुरू राहिली. २०२५ च्या जुलैत अमेरिकी संसदेनं सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले. तेव्हापासून छोट्या केंद्रांना अशा देणग्यांची गरज आणखी तीव्र झाली आहे. मालकाला ओझं झालेल्या गाडीतून एखाद्या गावाचं बातम्यांचं केंद्र काही तास चालू शकतं, ही या रीतीची जमेची बाजू. तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

फोनपासून लिलावापर्यंत

देणगीदाराला वाटतं, आपण गाडी संस्थेला दिली. प्रत्यक्षात बहुतेक संस्थांकडे गाडी ठेवायला आवार नसतं, तपासायला मेकॅनिक नसतो आणि विकायला परवाना नसतो. म्हणून मध्ये एक व्यवस्थापक येतो. तो कधी नफ्यासाठी चालणारी कंपनी असतो, तर कधी सान दिएगोच्या 'कार्स'सारखी, इतर संस्थांसाठी हेच काम करणारी ना-नफा संस्था. धर्मादाय संस्थेनं असा एजंट नेमला तरी देणगी वैध ठरते, हे आयआरएस या तिथल्या करखात्यानं २००२ मधल्या एका निर्णयानं स्पष्ट केलं होतं.

फोन आला की व्यवस्थापक गाडीचं साल, मॉडेल, ती चालू आहे का आणि टायटल म्हणजे मालकीचा कागद हाताशी आहे का, एवढं विचारतो. कर्ज बाकी असेल तर बँकेचा बोजा आधी उतरवावा लागतो. काही दिवसांत टो ट्रक येतो. गाडी कोपार्ट किंवा आयएए अशा लिलावकंपनीच्या आवारात जाते आणि ऑनलाइन बोली लागते. घेणारे तीन प्रकारचे असतात: दुरुस्त करून विकणारे छोटे व्यापारी, सुटे भाग काढणारे आणि परदेशी पाठवणारे. अगदीच मोडकी गाडी वजनावर भंगारात जाते. तिथेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमला वेगळा भाव मिळतो.

या साखळीत टो, आवाराचं भाडं, लिलावकंपनीचं शुल्क, कागदपत्रं, जाहिरात आणि व्यवस्थापकाचा वाटा असे सगळे खर्च कापले जातात. मार्केट यार्डात कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हातातली पट्टी मराठी वाचकाला ठाऊक आहे. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाऊन तळाशी उरलेला आकडा पाहिला की वरचा भाव किती फसवा होता ते कळतं. दान केलेल्या गाडीचीही अशीच पट्टी निघते. फरक इतकाच, की ती देणाऱ्याला कुणी दाखवत नाही.

स्वस्त गाडीला ही कपात जास्त बोचते. टो ट्रकचा आणि कागदपत्रांचा खर्च चारशे डॉलरच्या गाडीला आणि चार हजारांच्या गाडीला जवळपास सारखाच येतो. त्या जीएमसी ट्रकच्या ३७५ डॉलरचे साडेएकतीस का झाले, याचं मोठं कारण हे स्थिर खर्चाचं गणित होतं. त्यासाठी कुणी लबाड असण्याची गरज नव्हती.

आयजीच्या जिवावर

लबाडी होती ती दुसऱ्या टोकाला, करविवरणात. २००४ पर्यंत देणगीदार गाडीची 'बाजारभावानं' किंमत स्वतः ठरवून ती वजावट मागू शकत असे. भावपुस्तिकेतला आकडा चांगल्या स्थितीतल्या गाडीचा, आणि दारातली गाडी ढकलून चालू करावी लागणारी. तरी आकडा पुस्तिकेतलाच लावला जाई. २००० सालच्या विवरणांमध्ये सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी वाहनदानाची वजावट घेतली आणि त्यामुळे त्यांचा कर सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलरनं कमी झाला, असा अंदाज जनरल अकाउंटिंग ऑफिसच्या त्या अहवालात होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा हा प्रकार. औदार्य देणगीदाराच्या नावावर जमा होई आणि बिल तिजोरीवर फाटे.

जॉर्ज बुश यांनी २२ ऑक्टोबर २००४ रोजी सही केलेल्या 'अमेरिकन जॉब्ज क्रिएशन अ‍ॅक्ट'नं हे दार बंद केलं. २००५ पासून नियम असा: ५०० डॉलरहून अधिक वजावट हवी असेल आणि संस्थेनं गाडी विकून टाकली असेल, तर विक्रीत जेवढे पैसे आले तेवढीच वजावट. विक्री झाल्यापासून ३० दिवसांत संस्थेनं देणगीदाराला '१०९८-सी' हा नमुना भरून द्यायचा. त्यात गाडीचा ओळखक्रमांक, ओडोमीटरचा आकडा, विक्रीची तारीख आणि आलेली रक्कम असते, आणि तो करखात्याकडेही जातो. गाडी ५०० किंवा त्याहून कमी डॉलरला गेली, तर ५०० डॉलर किंवा गाडीचा खरा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते वजा करता येतं.

तीन ठिकाणी मात्र पूर्ण बाजारभावाची वजावट शिल्लक ठेवली गेली. पहिलं, संस्था गाडी स्वतः भरपूर वापरणार असेल. गरजूंना जेवण पोचवण्यासाठी ती वर्षभर रोज धावली तर तो खरा वापर, दोन-चार खेपा केल्या तर नव्हे. दुसरं, संस्थेनं मोठी दुरुस्ती करून तिची किंमत ठळकपणे वाढवली असेल. धुणं-पुसणं, रंग, पोचे काढणं, मेण लावणं यात मोडत नाही. तिसरं, गाडी गरजू माणसाला फुकट किंवा बाजारभावाच्या बरीच खाली दिली असेल आणि तसं देणं हेच संस्थेचं काम असेल. गाडी लिलावात विकून ते पैसे गरजूंवर खर्च केले, तर हा अपवाद लागू होत नाही.

या तीन अपवादांमागे एक स्पष्ट भूमिका आहे: गाडी गाडी म्हणून कामी आली तरच तिला पूर्ण किंमत, नाहीतर बाजार देईल तेवढी. परिणाम लगेच दिसला. नवा नियम लागू होण्याच्या आदल्या वर्षी सुमारे ९ लाख गाड्यांसाठी सुमारे २.४ अब्ज डॉलरची वजावट मागितली गेली होती. २००५ मध्ये गाड्या उरल्या सुमारे ३ लाख आणि वजावट सुमारे अर्धा अब्ज. गाड्या एकतृतीयांशावर आल्या आणि रक्कम पाचव्या हिश्शावर. पूर्वीच्या आकड्यांत हवा किती भरलेली होती, हे या तफावतीवरून समजतं.

२००९ मध्ये वाहनदानाला आणखी एक फटका बसला. मंदीत मोटारउद्योग सावरायला सरकारनं जुन्या, जास्त इंधन पिणाऱ्या गाड्या मोडीत काढून नवी घेणाऱ्यांना ३,५०० किंवा ४,५०० डॉलर देऊ केले. काही आठवड्यांत ३ अब्ज डॉलर संपले आणि पावणेसात लाखांहून अधिक गाड्या कायमच्या बाद झाल्या. इंजिन पुन्हा चालू नये म्हणून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतलं जाई. एरवी संस्थांकडे आल्या असत्या अशा कितीतरी पिकअप आणि एसयूव्ही त्यांत होत्या.

पाण्याची गळती मधल्या नळात

२००४ च्या कायद्यानं देणगीदाराला लिलावाच्या आकड्याशी बांधलं. व्यवस्थापकाला कशाशीच बांधलं नाही. '१०९८-सी' नमुन्यावर विक्रीची एकूण रक्कम असते, संस्थेला पोचलेली नसते. तीन हजारांना गेलेल्या ट्रकची पावती तीन हजारांचीच मिळते, मग संस्थेला अडीच हजार मिळोत की नऊशे. पूर्वी खोटा आकडा कागदावर असायचा. आता आकडा खरा असतो, पण देणाऱ्याला हवा तो नसतो.

या मधल्या जागेवर राज्यांचे अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे मुख्य कायदा अधिकारी नजर ठेवतात. सर्वांत गाजलेलं प्रकरण 'कार्स फॉर किड्स'चं. तिची रेडिओवरची धून ऐकली नाही असा माणूस अमेरिकेत विरळाच. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगन या राज्यांशी तिला समझोते करावे लागले. गाड्यांच्या पैशांचा मोठा भाग ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणाशी जोडलेल्या उपक्रमांकडे जातो, हे जाहिरातींत पुरेसं सांगितलं जात नाही, असा आक्षेप होता. २०१७ मध्ये मिनेसोटाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी अहवाल काढून दाखवलं, की त्या राज्यातून गोळा झालेल्या पैशांपैकी एक टक्क्याहूनही कमी त्या राज्यातल्या मुलांवर खर्च झाला होता. धार्मिक शिक्षणाला पैसे देण्यात बेकायदा काही नाही. आक्षेप एवढाच, की 'मुलांसाठी' ऐकून गाडी देणाऱ्याच्या मनात आपल्या गावातली गरीब मुलं असतात.

म्हणून संस्था नोंदणीकृत आहे का, एवढं पाहून भागत नाही. ५०१(सी)(३) हा करमाफ दर्जा आयआरएसच्या संकेतस्थळावर मिनिटभरात तपासता येतो आणि तो तपासावाच. पण वाद झालेल्या संस्थांकडेही हा दर्जा असतोच. चॅरिटी नेव्हिगेटर किंवा बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या धर्मादाय संस्थांची पारख करणाऱ्या संघटनांचे अहवाल एकूण कारभार सांगतात, एका गाडीची पट्टी सांगत नाहीत. ती हवी तर फोनवर थेट विचारायचं: व्यवस्थापक कोण आहे, तो ठरावीक शुल्क घेतो की टक्केवारी, आणि गेल्या वर्षी सरासरी गाडीमागे संस्थेला किती मिळाले. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत ही म्हण घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्यानं मात्र ते मोजूनच गाय सोडावी. प्रामाणिक संस्था या प्रश्नाला रागावत नाही. आकडा सांगायची टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था शोधावी.

करसवलत उरलीय कुणाला

वाहनदानाच्या जाहिरातींत करसवलतीचा ढोल अजून वाजतो, पण तो ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती मिळते. अमेरिकी करदाता एकतर सरसकट ठरवून दिलेली प्रमाणित वजावट घेतो, नाहीतर घरकर्जाचं व्याज, राज्याचे कर, देणग्या अशी एकेक बाब मांडतो. २०१७ च्या करकायद्यानं प्रमाणित वजावट जवळजवळ दुप्पट केली, आणि बाबवार वजावट मांडणारे सुमारे तीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्या आसपास आले. २०२५ साठी प्रमाणित वजावट एकट्याला १५,७५० आणि जोडप्याला ३१,५०० डॉलर होती. घरकर्ज फार मोठं नसलेल्या कुटुंबाच्या सगळ्या बाबी मिळून या आकड्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांच्यासाठी ट्रकच्या पावतीची करकिंमत शून्य.

२०२५ च्या जुलैत मंजूर झालेल्या कायद्यानं प्रमाणित वजावट घेणाऱ्यांनाही २०२६ पासून देणगीची थोडी सवलत दिली: एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत. मात्र ती रोख देणगीलाच आहे. कपडे, फर्निचर, गाडी यांना नाही. त्यामुळे 'गाडी द्यावी की विकून पैसे द्यावेत' या जुन्या प्रश्नात पारडं विकून पैसे देण्याच्या बाजूला आणखी झुकलं.

समजा, एखादा चालू पिकअप ओळखीच्या गिऱ्हाईकाला ८,००० डॉलरला जाईल. लिलावात त्याचे ५,००० आले आणि तीस टक्के खर्च गेला, तर संस्थेला ३,५०० मिळतील. बाबवार वजावट मांडणाऱ्या आणि २२ टक्के दरानं कर भरणाऱ्या देणगीदाराचे सुमारे १,१०० डॉलर वाचतील. त्याऐवजी त्यानं स्वतः ट्रक विकून ८,००० रोख दिले, तर संस्थेला ८,००० आणि त्याची बचत सुमारे १,७६०. वापरलेली खासगी गाडी घेतलेल्या किमतीहून कमीला विकली, तर त्या विक्रीवर करही नसतो. दोघांच्याही पदरात जास्त पडतं, बदल्यात देणगीदाराचे दोन-तीन शनिवार जातात. ज्याला ते शनिवार द्यायचे नाहीत, त्यानं सोयीची किंमत संस्थेच्या वाट्यातून चुकती होते आहे, एवढं तरी ओळखून द्यावं.

पिकअपची वेगळी गणितं

लहान मोटारीला लागू पडणारा सल्ला पिकअपला जसाच्या तसा लागू पडत नाही. एक तर पिकअपचा भाव लवकर पडत नाही. इंजिन आणि चासी धड असलेला जुना टोयोटा टाकोमा किंवा फोर्ड एफ-१५० विकत घ्यायला कामकरी माणसं तयार असतात. लिलावात तो स्वस्तात जाऊ देण्यात नुकसान जास्त.

दुसरं, बरेच पिकअप धंद्याच्या नावावर असतात. सहा हजार पौंडांहून जास्त वजनक्षमतेच्या गाड्यांवर धंदेवाइकांना पहिल्या वर्षीच मोठा घसारा लावता येतो, आणि ती सवलत प्लंबर-ठेकेदारांनी पुरेपूर वापरलेली असते. घसाऱ्यानं पुस्तकी किंमत शून्यावर आणलेला ट्रक पुढे दान केला, तर दानाची वजावटही जवळजवळ शून्य होते. एकाच ट्रकवर सरकार दोनदा सवलत देत नाही. चांगला हिशेबनीस हे आधीच सांगतो. न सांगणारा भेटला तर करखात्याकडून पत्र येतं.

तिसरं, ट्रकच्या दारावर मालकाचं नाव असतं. टेक्सासमधल्या एका प्लंबरनं २०१३ मध्ये आपला फोर्ड एफ-२५० नव्या गाडीच्या बदल्यात विक्रेत्याकडे दिला. तो लिलावात गेला, ह्यूस्टनहून जहाजानं तुर्कस्तानला पोचला, आणि २०१४ च्या डिसेंबरात सीरियातल्या बंडखोरांच्या छायाचित्रात दिसला. हौद्यात विमानवेधी तोफ, दारावर प्लंबरच्या दुकानाचं नाव आणि फोननंबर. धमक्यांच्या फोननी त्याचं जगणं मुश्कील झालं. तो ट्रक दान केलेला नव्हता, पण दान केलेला ट्रकही त्याच लिलावाच्या रस्त्यानं जातो. नाव-नंबर स्वतः खरवडून काढल्याशिवाय ट्रक टोवाल्याच्या हाती देऊ नये.

कागदांची शिस्तही तितकीच गरजेची. काही व्यवस्थापक टायटलवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून नुसती सही मागतात, म्हणजे गाडी थेट पुढच्याच्या नावावर चढवता येते. मधल्या काळात गाडीला दंड झाला किंवा अपघात झाला, तर नोंद जुन्या मालकाचीच निघते. नाव भरूनच सही करावी आणि राज्याच्या वाहनखात्याला हस्तांतराची सूचना द्यावी. कॅलिफोर्नियात ती पाच दिवसांत द्यायची असते. नंबरप्लेटचा नियम राज्यागणिक वेगळा असतो, पण टोलचा टॅग सगळीकडेच काढून घ्यावा. विमा हस्तांतर झाल्यावरच बंद करावा.

चाकं फिरती ठेवणारे

संस्थांच्या या गर्दीत एक छोटा गट वेगळा आहे. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचं 'गुड न्यूज गॅरेज' १९९६ मध्ये सुरू झालं. दानात आलेल्या गाड्या दुरुस्त करून ते गरजू कुटुंबांना देतं. मेरीलँडमधली 'व्हेइकल्स फॉर चेंज' १९९९ पासून हेच काम करते, आणि तुरुंगातून सुटलेल्यांना मेकॅनिकचं प्रशिक्षणही देते. जिथे पहाटेच्या पाळीला बस नाही, पाळणाघर एका दिशेला आणि कारखाना दुसऱ्या, तिथे चालू गाडी म्हणजे थेट पगार. कायद्याचा तिसरा अपवाद अशाच कामासाठी आहे, त्यामुळे इथे दिलेल्या गाडीची वजावटही बाजारभावानं मिळू शकते. अर्थात त्यांनाही प्रत्येक गाडी उपयोगाची नसते. जी दुरुस्तीच्या पलीकडे आहे ती तेही लिलावात किंवा भंगारात काढतात. शिवाय मुलं असलेल्या कुटुंबाला भरपूर इंधन पिणारा मोठा ट्रक देण्यात फारसा शहाणपणा नसतो.

पिकअपला मात्र स्वतःचे खास घेणारे आहेत. अमेरिकेच्या ग्रामीण भागात आग विझवायला येतात ते बहुधा स्वयंसेवक. हौद्यात पाण्याची टाकी आणि पंप बसवलेला पिकअप गवताला लागलेल्या आगीवर मोठ्या बंबाआधी पोचतो. त्याला तिथे ब्रश ट्रक म्हणतात. न चालणारी गाडीही या दलांना चालते, कारण अपघातात अडकलेल्याला पत्रा कापून बाहेर काढायचा सराव खऱ्या गाडीवरच करावा लागतो. कम्युनिटी कॉलेजांच्या मोटारदुरुस्ती वर्गांना उघडून बघायला इंजिनं हवी असतात. अन्नपेढ्यांना सुपरमार्केटमधून भाजीच्या पेट्या आणायला हौदा लागतो. या ठिकाणी व्यवस्थापक, लिलाव, टक्केवारी काहीच मध्ये येत नाही. मात्र आधी विचारावं लागतं. विमा, दुरुस्ती, चालक यांचा खर्च त्यांनाच सोसायचा असतो, आणि न मागता दारात उभा केलेला ट्रक त्यांना डोईजड होऊ शकतो.

मराठी घरांसाठी

अमेरिकेतली बरीच महाराष्ट्र मंडळं करमाफ संस्था म्हणून नोंदलेली आहेत. १९७८ मध्ये तिथे स्थापन झालेलं महाराष्ट्र फाउंडेशन महाराष्ट्रातल्या सामाजिक कामांना पैसे पाठवत आलं आहे. गाडी विकून आलेले पैसे ओळखीच्या कामाला द्यायचे, तर हा मार्ग खुला आहे. गावाकडच्या संस्थेला परस्पर दिलेल्या देणगीची मात्र अमेरिकेत वजावट मिळत नाही. ती तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच द्यावी लागते. इकडे घेणाऱ्या संस्थेकडे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते.

महाराष्ट्रात बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती एखाद्या आश्रमशाळेला किंवा गोशाळेला देणारे आहेत. इथे गाडी बहुधा थेट वापरात जाते, लिलाव मध्ये येत नाही. पण आपल्याकडच्या ८०जी सवलतीत वस्तुरूप देणगी बसतच नाही, आणि रोखीनं दिलेली दोन हजारांवरची रक्कमही नाही. त्यामुळे इथे करासाठी गाडी देणारा सापडणार नाही. चूक होते ती कागदात. गाडी दिली, चावी दिली आणि आरटीओत नाव मात्र जुनंच. अपघातानंतर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घेणं हा दानाचाच भाग समजावा.

कुठली गाडी कुठे

विकली जाईल असा चालू पिकअप असेल, तर तो स्वतः विकून पैसे द्यावेत; रोख देणगीला करात मिळणारी नवी सवलतही त्याच बाजूनं आहे. चालू आहे, थोड्या दुरुस्तीनं वर्षानुवर्षं धावेल, आणि विकायचं मन नाही, तर तो चालवणाऱ्याला शोधून द्यावा: अग्निशमन दल, अन्नपेढी, गाड्या दुरुस्त करून वाटणारी संस्था. न चालणारा, टोवाल्यालाच पैसे द्यावे लागतील असा ट्रक लिलाव-योजनेत देण्यात काही वावगं नाही. तिथे संस्थेला शंभर डॉलर मिळाले तरी ते एरवी मिळालेच नसते, आणि अंगण मोकळं होतं तो फायदा वेगळाच.

व्यवस्थापकांनी प्रत्येक पावतीवर विक्रीच्या रकमेशेजारी संस्थेला पोचलेली रक्कम छापावी, अशी सक्ती करायला अमेरिकी कायद्याला एका ओळीची दुरुस्ती पुरेल. लिलावाची रक्कम, तारीख, ओळखक्रमांक असं सगळं '१०९८-सी' नमुन्यात आधीच भरावं लागतं. एक चौकट वाढवायची आहे. ती चौकट आली की दहा टक्के पोचवणारा आणि सत्तर टक्के पोचवणारा यांच्यातला फरक जाहिरातीच्या धुनीनं झाकता येणार नाही. देणगीदारांना लोभी ठरवून झालेली २००४ ची सुधारणा वीस वर्षं टिकली आणि उपयोगी ठरली. तिचा उरलेला अर्धा भाग मधल्या माणसाकडे पाहून व्हायला हवा.